कोल्हापूरच्या धुळीत डेस्कटॉप कसा साफ करायचा: क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

सीपीयू (डेस्कटॉपचा डबा, म्हणजेच कॅबिनेट) गरम होऊन बंद पडायला लागला, की उद्यमनगरात सल्ला ठरलेला असतो: "झाकण काढा आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या की." हवा मारली जाते, धुळीचा लोट उठतो, मशीन चार दिवस गार चालतं. मग कधी रॅम (मेमरीची पट्टी) धरत नाही, कधी फॅन खरखरतो, कधी मशीन चालूच होत नाही. धूळ गेलेलीच नसते. निम्मी खोलीत उडून परत आत आलेली असते आणि उरलेली स्लॉटच्या खोबणीत जाऊन बसलेली असते.

घरी किंवा ऑफिसात स्वतः सफाई करणाऱ्यांसाठी खाली पूर्ण क्रम दिला आहे. तो मोडू नका. प्रत्येक टप्प्यात उडणारी धूळ कुठे पडेल, हे बघून पुढचा टप्पा ठरवला आहे. मशीन वॉरंटीत असेल आणि झाकणावर सील असेल तर आधी विक्रेत्याला विचारा.

टप्पा १: धूळ कोणत्या जातीची आहे ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पण सफाईची रीत धुळीच्या जातीवर ठरते, आणि आपल्याकडे या जाती बऱ्याच आहेत.

सीपीयूच्या पुढच्या जाळीवरची थोडी धूळ मऊ ब्रशने पांढऱ्या कागदावर झाडून घ्या. कागद उजेडात धरा आणि खालून एक चुंबक फिरवा. हे मशीनपासून दूर, दुसऱ्या टेबलावर करा.

काळे-करडे कण चुंबकाबरोबर सरकले तर त्यात लोखंड आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाजी उद्यमनगर या भागांत फाउंड्री किंवा मशीन शॉपला लागून ऑफिस असेल तर हे दिसणारच. फेटलिंग-ग्राइंडिंगची (ओतीव भाग घासून साफ करतानाची) भुकटी हवेतून येते, तशी कपड्यांवरून आणि चपलांवरूनही येते. सगळ्यात जास्त जपायचं ते या धुळीपासून, कारण लोखंडाच्या कणांतून वीज वाहते. मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) दोन बारीक पिनांमध्ये हे कण साचले आणि त्यावर पावसाळी ओल बसली, की शॉर्ट होऊ शकतं. अशा धुळीवर सुरुवातीलाच हवा मारली तर कण चिपांच्या खाली आणि स्लॉटच्या आत जातात. म्हणून आधी ओढून घ्यायचे, हवा शेवटी.

चुंबकाला दाद न देणारे, उजेडात चमकणारे कण म्हणजे बहुधा वाळू. त्यातून वीज वाहत नाही, पण फॅनच्या बेअरिंगमध्ये गेली की ती घासत राहते. तिची बारीक भुकटी फुप्फुसालाही वाईट, तेव्हा अशा ठिकाणी एन-९५ मास्क लावल्याशिवाय सफाईला बसू नका. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

इचलकरंजीच्या मागांच्या शेडजवळ, गांधीनगरच्या कापड दुकानांत किंवा शिलाईच्या खोलीत धूळ वेगळीच असते. तिथे कापसाचे तंतू असतात. फॅन आणि हीटसिंक (मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, गार ठेवणारा धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा) यांच्या मधोमध त्यांचा जाड थर जमतो, पण बाहेरून बघितलं तर फॅन स्वच्छ दिसतो, त्यामुळे फसायला होतं. वरून ब्लोअर मारला की हाच थर हीटसिंकच्या पात्यांच्या फटीत आणखी घट्ट बसतो. तो चिमट्याने धरून उचलायचा असतो.

चौथी जात काजळीची. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, पाचट जाळल्याची आणि गुऱ्हाळांच्या धुराची काळी राख गावोगाव उडते. त्यात ऑफिसातली रोजची उदबत्ती आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला तेलकट वास मिसळला, की चिकट पापुद्रा तयार होतो. बोट फिरवल्यावर धूळ पुसली जाण्याऐवजी फासली गेली तर ती काजळी समजा. ती हवेने निघत नाही, अल्कोहोलने पुसावी लागते.

यांपैकी काहीच नसेल तर उरते ती घरची साधी धूळ: माती, केस, कपड्यांचे धागे. हिला ब्रश आणि थोडी हवा पुरते.

टप्पा २: वेळ आणि जागा ठरवा

वर्षातून दोन मोठ्या सफाया पुरेशा आहेत, पण त्यांची वेळ चुकवू नका. पहिली मेअखेर, मृगाचा पाऊस लागायच्या आत. तोवर गळीत हंगामाची काजळी आणि उन्हाळ्याची धूळ दोन्ही आत साचलेल्या असतात, आणि पावसाची ओल त्यांच्यावर बसायच्या आत त्या काढायच्या असतात. ओली होऊन वाळलेली धूळ ढेकळासारखी चिकटते. तिला हवा काही करू शकत नाही. दुसरी सफाई पाऊस संपल्यावर, नवरात्राच्या झाडलोटीत. इथे एक चूक सर्रास होते: आधी कॉम्प्युटर साफ करतात आणि मग माळे काढतात. सगळं घर किंवा ऑफिस झाडून, पुसून झालं की सीपीयूला हात लावा.

फाउंड्रीशेजारी किंवा मागांजवळ दोन सफायांनी भागणार नाही. तिथलं वेळापत्रक शेवटी दिलं आहे.

जागा मोकळी हवी. गॅलरी, अंगण, जिन्यावरची मोकळी जागा चालेल. वारा तुमच्या पाठीकडून यावा. भुरभुर पाऊस असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

टप्पा ३: साहित्य

स्टार स्क्रू ड्रायव्हर, दोन मऊ ब्रश (एक रुंद, एक बारीक, नैसर्गिक केसांचे, कारण नायलॉनचे केस घासल्यावर स्थिर वीज तयार करतात), चिमटा, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, मायक्रोफायबरची दोन फडकी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्क्रू ठेवायला वाटी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्केवाल्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते बोर्डसाठी नको.

हवेसाठी हातातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर बरा. हवेचा डबा वापरत असाल तर तो उभाच धरा. आडवा किंवा उलटा केला तर आतला थंडगार द्रव थेट बोर्डवर उडतो.

वर्कशॉपचा कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर दोन अटी आहेत. दाब रेग्युलेटरने २ बारपर्यंत, म्हणजे सुमारे ३० पीएसआयपर्यंत खाली आणा. वर्कशॉपच्या यंत्रांना हवा देणाऱ्या लाइनचा दाब याच्या तिप्पटही असतो. आणि टाकीतलं पाणी आधी सोडून द्या.

तपासणी: कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या कागदावर दहा सेकंद मारा. पाण्याचा किंवा तेलाचा एक जरी ठिपका उमटला तरी ती हवा कॉम्प्युटरला चालणार नाही.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर लोखंडी धुळीसाठी लागतोच, पण त्याचं प्लास्टिकचं तोंड बोर्डला टेकवायचं नाही. हवा ओढली जाताना त्या तोंडावर स्थिर वीज साठते. ते चार-पाच सेंटिमीटर लांब धरा आणि दुसऱ्या हातातल्या ब्रशने धूळ त्याच्याकडे लोटा.

टप्पा ४: उघडण्याआधी

तापमान लिहून ठेवा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखा एखादा मोफत प्रोग्राम चालवा, नेहमीचं जड काम (डिझाइनचं रेंडर, मोठी एक्सेल, व्हिडिओ) पंधरा मिनिटं सुरू ठेवा आणि प्रोसेसरचं सर्वांत जास्त तापमान टिपा. सफाईनंतर हेच माप त्याच दिवशी, त्याच खोलीत, पंखा तसाच ठेवून घ्यायचं आहे. मेमधलं माप डिसेंबरशी जुळवून काही कळत नाही. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांजवळ पोचले की स्वतःचा वेग कमी करतात. "कॉम्प्युटर स्लो झालाय" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

महत्त्वाच्या फायली, टॅलीचा डेटा, दुसरीकडे कॉपी करा. सफाईत हार्ड डिस्क बिघडावी असं काही नाही, पण जुनी डिस्क हलवाहलवीत दगा देऊ शकते.

मग मशीन शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा, यूपीएसची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून थांबू नका. सगळ्या वायरी निघाल्यावर पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डमध्ये उरलेली वीज निघून जाते.

मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. झाकण निघालं की आतलाही काढा, विशेषतः पुढच्या बटणांच्या बारीक वायरी कोणत्या पिनांवर आहेत त्याचा.

इशारा: पॉलिस्टरचे कपडे घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नका. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला काम सुरू करताना आणि मध्ये मध्ये हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज बोर्डवर न जाता पत्र्यात उतरेल. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे जास्त पाळा.

टप्पा ५: आतली सफाई, या क्रमाने

१. फिल्टर आणि पुढचं तोंड. जाळ्या काढून बाजूला ठेवा. नायलॉनच्या जाळ्या साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळत घाला. स्पंजच्या असतील तर पिळू नका, फडक्यात दाबा. पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय परत बसवायच्या नाहीत. पावसाळ्यात याला अख्खा दिवस जातो, म्हणून हे काम पहिलं.

२. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). बहुतेक जण हा शेवटी घेतात आणि त्यातली धूळ साफ केलेल्या बोर्डवर पाडतात. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो, त्यामुळे तो आधी. त्याचा फॅन काडीने अडवा आणि मागच्या जाळीतून थोडी थोडी हवा मारा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडेल.

इशारा: एसएमपीएसचे स्क्रू कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त वीज काही काळ शिल्लक राहू शकते. जिवाशी खेळ आहे. फार घाण झाला असेल तर बदला किंवा जाणकाराकडे द्या.

३. ओढून घेण्याची धूळ. कॅबिनेट आडवं करा. लोखंडी धूळ किंवा तंतू असतील तर व्हॅक्यूम आणि ब्रशने वरून खाली या. बोर्डवर ब्रश घासायचा नाही, टेकवून उचलायचा. रॅमच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटच्या कडेला बारीक ब्रश घ्या. रॅम स्लॉटमध्येच असू द्या. ती जागेवर असते तोवर धूळ खोबणीत उतरत नाही.

४. प्रोसेसरचा कूलर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण तापमानाचा खेळ इथेच आहे. टॉवर कूलर (उभा, उंच हीटसिंक आणि बाजूला फॅन) असेल तर फॅनच्या तारेच्या क्लिपा काढा, फॅन बाजूला घ्या. मागे हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर राखाडी थर दिसेल. तो आधी चिमट्याने, मग ब्रशने काढा. शेवटी हवा मारायची ती फॅन होता त्याच्या उलट बाजूने, म्हणजे फटीत अडकलेलं पुढे न सरकता मागे फिरेल. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या साध्या गोल कूलरचा फॅन काढायची गरज नाही. बारीक ब्रश पात्यांमधून खालपर्यंत घाला आणि बाजूने हवा द्या. हीटसिंक आत्ता हलवू नका.

५. फॅनची पाती. प्रत्येक फॅन बोटाने किंवा काडीने अडवल्याशिवाय त्याच्यावर हवा सोडायची नाही. हवेने भिंगरीसारखा फिरलेला फॅन ऐकायला छान वाटतो, पण त्यात बेअरिंग जातं, शिवाय फिरणारा फॅन स्वतः वीज तयार करून बोर्डकडे पाठवतो. काजळी असेल तर फडक्याच्या टोकाला अल्कोहोल लावून पाती एकेक करून पुसा, पुढून आणि मागूनही. एकाच बाजूची घाण राहिली तर फॅनचा तोल जातो आणि घरघर सुरू होते.

६. ग्राफिक्स कार्ड. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून, स्क्रू काढून सरळ वर उचला, पुठ्ठ्यावर ठेवा. फॅन अडवून बाजूच्या फटीतून हवा मारा. कार्ड खोलायचं नाही.

७. शेवटची हवा. ब्लोअर पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब धरून, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. दिशा आतून बाहेर ठेवा. हार्ड डिस्कवर बारीक छिद्र असतं, त्यावर हवा मारू नका आणि त्यावर टेपही चिकटवू नका.

तपासणी: टॉर्च कूलरच्या एका बाजूला लावा आणि दुसऱ्या बाजूने बघा. पात्यांमधून उजेड सरळ आला पाहिजे. कुठे काळी रेघ दिसली तर तिथे थर आहे, क्रमांक ४ पुन्हा करा.

रॅम खोडरबरने घासायची पद्धत आपल्याकडे पक्की रुजली आहे. मी ती सुचवणार नाही. रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि घासून घासून सोन्याचा मुलामा उतरतो. रॅम काढली असेल तर तिची सोनेरी कड अल्कोहोल लावलेल्या फडक्याने एकदा पुसा आणि कोरडी झाल्यावर दोन्ही खिट्ट्या टक वाजेपर्यंत दाबून बसवा.

टप्पा ६: पेस्ट बदलायची की नाही

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. दर सफाईला हीटसिंक काढून नवी पेस्ट लावायची गरज नसते. धूळ काढून, मशीन जोडून (टप्पा ७), तापमान पुन्हा मोजा. ते उतरलं असेल तर पेस्टला हात लावू नका. कूलर स्वच्छ असून, फॅन नीट फिरत असूनही आकडा चढाच राहिला आणि मशीन तीन-चार वर्षं जुनं असेल, तेव्हाच पेस्ट बदला.

इशारा: एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) प्रोसेसरला खालून पिना असतात. पेस्ट वाळलेली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून सगळ्या वायरी काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा. नवी तुरीच्या डाळीएवढीच, मधोमध. पसरवत बसू नका, हीटसिंकच्या दाबाने ती पसरते. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

टप्पा ७: जोडणी आणि चाचणी

अल्कोहोल वापरलं असेल तर अर्धा तास थांबा. फोटो बघून वायरी जोडा. प्रोसेसरच्या फॅनची वायर परत लावायची हमखास राहते, ती दोनदा बघा.

झाकण न लावता पहिल्यांदा चालू करा. सगळे फॅन फिरतात का, कुठली वायर पात्याला घासते का, ते पाहा. बीप येऊन स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका; बंद करून, पिन काढून, रॅम पुन्हा बसवा. मग झाकण लावून टप्पा ४ मधलं माप त्याच रीतीने घ्या.

मॉनिटरसाठी फडकं किंचित ओलं करायचं, स्क्रीनवर फवारा मारायचा नाही. काचेचे क्लीनर नकोत. कीबोर्ड उलटा करून झटका, मग ब्रश. यूपीएसच्या बाहेरच्या जाळ्या झाडा, आत जाऊ नका.

टप्पा ८: धूळ परत कमी यावी म्हणून

सीपीयू जमिनीवरून उचला. फूटभर उंची मिळाली तरी केराची धूळ बरीच टळते. मागे भिंतीपासून १० सेंटिमीटर जागा सोडा. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ठेवला तर धूळ कमी येईल पण गरम हवा तिथेच कोंडेल, त्यामुळे कप्प्याचं दार काढून टाका. खोलीत कोरडा केर काढायच्या ऐवजी ओलं फडकं मारा. केर काढायचाच असेल तर मशीन चालू करण्याआधी.

फॅनची दिशा तपासा. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतं त्या बाजूने हवा बाहेर पडते. जाळी लावलेल्या पुढच्या बाजूने आत येणारी हवा मागून जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त हवी. पुढे दोन फॅन आत, मागे एक बाहेर, ही मांडणी बहुतेक कॅबिनेटला जमते. उलटं असेल तर हवा प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या भोकांतूनसुद्धा आत ओढली जाते आणि तिथे जाळी नसते.

तपासणी: उदबत्तीचा धूर नको, टिश्यूची पट्टी मागच्या फटींजवळ धरा. ती बाहेर उडाली तर ठीक. आत ओढली गेली तर पुढची जाळी तुंबली आहे किंवा फॅन उलटा बसला आहे.

घरच्या घरी जाळी लावताना जाड स्पंज लावू नका. खिडकीची मच्छरदाणीची जाळी फार विरळ असते, तंतू सोडून काही अडवत नाही. बारीक नायलॉनची जाळी योग्य. ती लावल्यावर तापमान पाच अंशांपेक्षा जास्त चढलं तर ती जास्त दाट आहे, बदला.

कव्हर घालायचं ते मशीन बंद करून, गार झाल्यावरच. महाद्वार रोडवर विसर्जन मिरवणुकीच्या वाटेत दुकान असेल किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलाल दारापर्यंत येत असेल, तर त्या दिवशी मशीन बंद, वरून प्लास्टिक आणि मागची भोकंही झाकलेली हवीत. गुलाल अतिशय बारीक असतो, साध्या जाळीतून सहज जातो.

खंडेनवमीला मशीनची पूजा करा, जरूर करा. हळद-कुंकू मात्र कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर वाहू नका. ते थेट फॅनमध्ये आणि बोर्डवर पडतं. बाजूच्या सपाट पत्र्यावर बोट लावा, फूल मॉनिटरच्या स्टँडशी ठेवा, नारळ बाहेर फोडा. रोजच्या उदबत्तीची जागाही टेबलावरून हलवून दाराजवळ न्या.

वेळापत्रक जागेप्रमाणे ठरवा. शहरातल्या घरात जाळी महिन्याला, आतली सफाई वर्षातून दोनदा. फाउंड्री किंवा मशीन शॉपशेजारच्या ऑफिसात जाळी दर शनिवारी, आतली दोन महिन्यांनी. मागांजवळ जाळी दर दोन-तीन दिवसांनी हाताने ओढून काढायची आणि आतली दर महिन्याला. सफाईची तारीख आणि आधीचं-नंतरचं तापमान एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी जो उघडेल त्याला आकडे समोर दिसतील.